दिवाळी पहाटेच्या आयोजकांना खुले पत्र: आधी पट्टी विचारा

प्रति,
दिवाळी पहाट, पाडवा पहाट आणि सणासुदीचे संगीत कार्यक्रम करणाऱ्या सर्व संस्था, मंडळे आणि प्रायोजक

सप्रेम नमस्कार.

आम्ही तबला, पेटी, बासरी वाजवणारी आणि मिक्सरमागे बसणारी मंडळी आहोत. ख्याल, म्हणजे रागदारी गाणारा कलावंत कीबोर्ड, बेस गिटार आणि ड्रम्सच्या साथीने अभंग, नाट्यपदे, भावगीते, सिनेमातली गाणी गातो, तेव्हा त्याच्या आजूबाजूला आम्ही असतो. असे कार्यक्रम व्हावेत आणि वाढावेत, असेच आमचे मत आहे. सारसबागेत किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर नवे कपडे घालून आलेल्या विशीतल्या मुलामुलींपैकी कितीतरी जण त्या सकाळी पहिल्यांदाच तानपुरा समोर बघतात. अशी सकाळ वर्षातून एकदा येते. ती वाया गेली की फार वाईट वाटते, कारण दोष बहुतेक वेळा ना गळ्याचा असतो ना श्रोत्यांचा. तो निमंत्रणाच्या पत्रात, ट्रॅकमध्ये (आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीत) आणि वेळापत्रकात आधीच शिरलेला असतो, आणि तिथे तो सहज काढता येतो.

शास्त्रीय गायकाने लोकांच्या गाण्यात उतरावे की नाही, हा वाद महाराष्ट्रापुरता तरी शंभर वर्षांपूर्वीच मिटला. भास्करबुवा बखले यांनी १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीच्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्या आणि ख्यालाच्या बंदिशी नाट्यपदे होऊन घराघरांत गेल्या. १९५२ मध्ये नौशाद यांनी अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर यांना सिनेमासाठी एकत्र गायला लावले. १९५६ मध्ये भीमसेन जोशी मन्ना डे यांच्याबरोबर सिनेमात गायले. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ला जितेंद्र अभिषेकींनी चाली बांधल्या आणि वसंतराव देशपांडे खाँसाहेब झाले, तेच नाटक २०१५ साली पडद्यावर आले आणि त्यातल्या गाण्यासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या सगळ्यांत चाल बांधणाऱ्याला समोरचा गळा ठाऊक होता. बखलेबुवा आणि अभिषेकी तर स्वतःच ख्यालगायक. अंगाचे माप घेऊन कापड बेतले होते. हल्ली आपण तयार सदरा आणतो आणि गायकाला त्यात बसायला सांगतो.

मापाची पहिली गोष्ट म्हणजे पट्टी: पेटीची जी पांढरी किंवा काळी पट्टी गायक आपला षड्ज, म्हणजे ‘सा’ धरतो ती. ख्याल गाणारे पुरुष साधारण पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन यांत गातात. स्त्रिया काळी चार, पांढरी सहा, काळी पाच यांत. वर्षानुवर्षांचा रियाज त्या एका षड्जावर झालेला असतो. मंद्रात (खालच्या सप्तकात) किती खाली जायचे, तार गंधारावर (वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर) किती जोर लावायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे सगळे गळ्याला त्या पट्टीत पाठ असते. सिनेमाच्या गाण्याचा तयार ट्रॅक मात्र मूळ गायकाच्या पट्टीत असतो. तो संगणकावर तीन अर्धस्वर खाली खेचला की तबल्याची चाटी (काठावरचा नाद) मऊ पडते, डग्गा गढूळ होतो आणि व्हायोलिनचा ताफा घशातून वाजल्यासारखा लागतो. अर्ध्या स्वरापर्यंत हे खपून जाते, त्यापुढे नाही. तेव्हा पट्टी विचारल्याशिवाय ट्रॅक करू नका, आणि केलात तर अर्धा स्वर खालची एक प्रत जवळ ठेवा. पहाटे सहाला गळा रात्रीइतका मोकळा नसतो. साडेतीनला उठून खर्ज (खालचा सा) लावला तरी तारसप्तक उघडायला वेळ लागतो, आणि ही अर्ध्या स्वराची सोय त्या वेळी फार उपयोगी पडते.

स्त्री आणि पुरुष अशा दोन गायकांना एकत्र बोलावता, तेव्हा अडचण दुप्पट होते. काळी एक आणि काळी चार यांत पंचमाचे, म्हणजे सा ते प इतके अंतर आहे. तिला काळी एकमध्ये गायला लावले तर तारसप्तकात आवाज फाटायची वेळ येते, आणि त्याला काळी चारमध्ये बसवले तर एक तर खर्जात बुडतो किंवा टिपेला ओरडतो. मधली कुठली तरी पट्टी धरली की दोघेही आपापल्या रियाजाबाहेर जातात. यावर सरळ तोडगा असा, की दोघांनी आपापल्या पट्टीत गावे आणि मध्ये आठ मात्रांचा वाद्यांचा तुकडा ठेवून षड्ज बदलावा. त्यासाठी तानपुऱ्याच्या दोन जोड्या लागतात आणि तबलेही दोन. काळी एकचा तबला साधारण साडेपाच इंची तोंडाचा, काळी चारचा सहा इंचांच्या आसपास. बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून एकाच तबल्याला दोन्हीकडे नेता येत नाही. पुडी (तोंडावरचे कातडे) तरी सैल पडते नाहीतर फाटते. तबलजीने दोन तबले मांडायला जागा मागितली तर ती मागणी एवढ्यासाठी असते.

आता कीबोर्ड. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण गाणे सर्वांत जास्त इथे बिघडते आणि श्रोत्याला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही.

तानपुऱ्यातून निघणारा शुद्ध गंधार आणि कीबोर्डवरचा गंधार हे दोन वेगळे स्वर आहेत. सप्तकाचे बाराशे भाग केले तर तानपुऱ्याचा गंधार ३८६ वर येतो, कीबोर्डचा ४०० वर. काळी चारमध्ये अहिर भैरव गाणाऱ्या गायिकेचा गंधार २५९.६ हर्ट्झच्या आसपास लागतो. कीबोर्डवर तोच स्वर २६१.६ ला बसवलेला आहे. दोन्ही लांब धरले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. हा आवाज नीट लक्ष देऊन ऐकावा: वाँव, वाँव, वाँव, असा. गायिका बेसूर आहे असे लोकांना वाटते, आणि तिलाही क्षणभर तसेच वाटून ती आपला गंधार चढवते. तिथे रागाचा रंग उडाला. शुद्ध निषादाची गत अशीच, कोमल गंधाराची उलट दिशेने. पंचमात फरक अवघा दोन भागांचा, तो कानाला जाणवत नाही.

म्हणून कीबोर्डवाल्याला एवढेच सांगा: गायक स्वर लांबवत असेल तेव्हा खाली फक्त षड्ज-पंचम धर, गंधार-निषाद सोडून दे. कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) पूर्ण वाजवायची असेल तर तोडून, झटकन वाजव. लांब ताणलेला पॅड, म्हणजे अखंड धरलेला सूर नको. यालाही एक अपवाद आहे आणि तो नेमका पहाटेचाच आहे. ललत रागात पंचम नाही, दोन मध्यम आहेत, आणि तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावतात. त्याखाली षड्ज-पंचम धरला की राग तिथेच मोडतो. गिटारवाले सवयीने पहिली उघडी कॉर्ड वाजवतात ती नेमकी षड्ज-पंचमाची असते. संध्याकाळच्या कार्यक्रमात मारव्याला हाच धोका आणखी मोठा, कारण तिथे पंचम तर नाहीच, षड्जही गायक मुद्दाम टाळत असतो. बेस गिटार दर समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) षड्ज ठोकत राहिली तर मारवा उभा राहूच शकत नाही. तेव्हा राग कोणता हे वादकांना आठ दिवस आधी कळले पाहिजे. ‘ताई बघून घेतील’ असे म्हणून चालत नाही.

लयीचे दुखणे क्लिकचे आहे. ट्रॅकवर गायचे असेल तर वादकांच्या कानात ठोक्याची टिकटिक असते. ती मिनिटाला ९६ ठोक्यांना लावली की शेवटपर्यंत ९६. ख्यालाची लय मात्र अंगाअंगाने चढते. बोल-तानांपर्यंत (शब्दांसह घेतलेल्या तानांपर्यंत) १००-१०२ वर गेली नाही तर गाणे बसून राहते. आणि विलंबित, म्हणजे संथ एकतालाचे एक आवर्तन (तालाची एक फेरी) पन्नास-साठ सेकंदांचे. त्याला क्लिक लावणे निरर्थक. वाट अशी आहे: आलापाचा भाग क्लिकशिवाय मोकळा ठेवा, खाली फक्त तानपुरा. गायकाने मुखडा (बंदिशीची समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ) उचलला की ट्रॅकवाल्याने बोट बटणावर ठेवायचे. मध्यलय तीनतालात मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे ‘खाली’पासून (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या मात्रेपासून) उठत असेल, तर ९६ च्या लयीत समेपर्यंत बरोबर पाच सेकंद मिळतात. पाच सेकंद पुष्कळ झाले, पण त्यासाठी ट्रॅक चालवणारा माणूस मुखडा ओळखणारा हवा आणि गायकाचा हात दिसेल असा बसलेला हवा. तो मंचामागे तंबूत बसला तर सम चुकणारच. क्लिक तबलजी आणि ड्रमर यांच्याच कानात द्या, गायकाच्या नको.

ड्रमरसाठी एक बारीक गोष्ट. भावगीते पुष्कळदा रूपकात असतात: ती ती ना, धी ना, धी ना. या तालाची सम ‘खाली’च्या मात्रेवरच येते. तिथे डग्गा मुका असतो. पाश्चात्त्य सवयीने पहिल्या मात्रेला पायाचा ड्रम धाडकन वाजला की ताल उलटा होतो आणि गायकाला आपण चुकलो की काय अशी शंका येते. पायाचा ड्रम चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, बस्स. अभंगाच्या भजनी ठेक्यात एवढी जपणूक लागत नाही. तिथे ड्रम्स आणि पखवाज छान नांदतात. नवख्या गायकाने लोकसंगीताच्या दिशेने पहिले पाऊल टाकायचे असेल तर अभंगापासून टाकावे, असे आम्ही सुचवतो, त्याचे एक कारण हेही आहे.

वेळापत्रकाकडे येतो. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा लावता येत नाही, हा नियम २००० सालापासून आहे. म्हणजे मैदानातला किंवा रस्त्यावरचा कार्यक्रम सहाच्या आधी सुरू होत नाही, आणि पहाटे पाचला ध्वनीची चाचणीही घेता येत नाही. ती आदल्या संध्याकाळी, दहाच्या आत, गायकासह आणि सगळ्या वादकांसह व्हावी लागते. नव्वद मिनिटे धरा. ‘हॅलो, हॅलो, माइक चेक’ म्हणजे चाचणी नव्हे. एक पूर्ण अभंग, एक तार षड्ज आणि एक तान गाऊन झाली पाहिजे.

पण संध्याकाळी लावलेले सूर पहाटेपर्यंत टिकत नाहीत. थंडीने तानपुऱ्याच्या आणि गिटारच्या तारा आकसून चढतात. दवाने तबल्याची पुडी सैल होऊन उतरते. हवा दहा अंशांनी गार झाली तर बासरी जवळपास तीस भाग, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतकी उतरते. म्हणून बासरीवाले ती शालीत गुंडाळून ठेवतात. सव्वासात-साडेसातला मंचावर ऊन आले की हे सगळे उलट दिशेने फिरते. कीबोर्ड तेवढा जागचा हलत नाही, आणि मग सगळे त्याच्याशी भांडत बसतात. यावर उपाय खर्चिक नाही. साडेपाचपासून वादकांना बंद खोली द्या, तिथे वीस-पंचवीस मिनिटे विनाध्वनिक्षेपक वाद्ये लावू द्या. मंच शक्यतो पूर्वेकडे पाठ करून बांधा, म्हणजे मागचा पडदा सकाळचे ऊन अडवतो. आणि सूत्रसंचालकाला सांगून ठेवा, की साडेसातच्या सुमारास चार मिनिटे बोलायचे आहे, त्या वेळात वाद्ये पुन्हा लागतील. सत्कार करायचे असतील तर तेव्हाच करा.

मिक्सरमागच्या आमच्या मित्रांसाठी थोडे. पॉप गायक माइक ओठांना टेकवून गातो. ख्यालगायकाला चार बोटांपासून एक वीतपर्यंत अंतर लागते आणि तारसप्तकात तो मान मागे नेतो. ते त्याचे स्वतःचे फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) आहे, त्याला वीत पुढे सरका म्हणू नका. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) ४:१ वर असेल तर मान मागे नेण्याचा सगळा परिणाम पुसला जातो, विरत जाणारी मींड (स्वराची घसर) विरतच नाही. २:१ पुरे. काळी एकच्या गायकाचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास आहे, खर्ज ६९ ला. लो-कट (ठरावीक हर्ट्झखालचा आवाज गाळणारे बटण) १०० किंवा १२० ला दाबून ठेवलात तर ज्या खर्जासाठी तो साडेतीनला उठला तो लोकांपर्यंत पोहोचतच नाही. वाऱ्याचा आवाज येत असेल तर माइकवर फोम घाला. रिव्हर्ब, म्हणजे घुमी, दीड सेकंदाच्या आत ठेवा. सेकंदाला आठ स्वरांची तान म्हणजे एकेक स्वर सव्वाशे मिलिसेकंदांचा. त्यावर अडीच सेकंदांची घुमी चढवली तर तानेचा नुसता गोंगाट होतो, आणि ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ ऐकूच येत नाही. ड्रम्स गायकाच्या थेट मागे मांडू नका, त्याच्याच माइकमधून ते दुप्पट ऐकू येतात. तीन-चार मीटर बाजूला, शक्य तर ब्रश घेऊन. आणि गायकाच्या मॉनिटरमध्ये (त्याला स्वतःला ऐकण्यासाठीच्या स्पीकरमध्ये) सर्वांत वर तानपुरा. कानात घालायचे मॉनिटर दिले तर एक कान उघडा राहू द्या, तबलजीचे ठेके त्याला हवेतून ऐकायचे असतात.

गायकांनाही, आमचेच आहेत म्हणून, एक विनंती. भावगीतात तान शब्दावर घेऊ नका, ओळींच्या मधल्या जागेत घ्या. ख्यालात शब्द स्वराचा वाहक असतो, ‘पिया’ कितीही ताणला तरी चालते. इथे श्रोता शब्दासाठी आलेला आहे. ‘विठ्ठल’ म्हणताना ‘ठ्ठ’ ठसकन पडला पाहिजे; लांबवायचे असेल ते त्यानंतर. श्वास शब्दाच्या पोटात घेतला की कवीवर अन्याय होतो.

कार्यक्रमाची चित्रफीत इंटरनेटवर चढवता त्याबद्दल. संपादकाकडे ध्वनी गेला की सवयीने त्यावर ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारी संगणकप्रणाली) बसतो. तो जवळच्या ठरावीक स्वराला ओढून घेतो. मींड म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणे. ऑटोट्यून तिच्या पायऱ्या करतो. कणस्वर (स्वराला निसटता लागणारा शेजारचा स्वर) पुसतो, दरबारीचा आंदोलित गंधार सरळ रेघेत आणतो. गायकाने वीस वर्षे जे कमावले ते नेमके एवढेच असते. कृपा करून ख्यालगायकाच्या आवाजावर तो लावू नका, अगदी थोडासुद्धा. छोटी फीत करायची तर विलंबिताची करू नका, तीस सेकंदांत आवर्तनच पुरे होत नाही. ९६ च्या मध्यलय तीनतालाचे आवर्तन दहा सेकंदांचे. दीड मिनिटात नऊ आवर्तने मावतात, त्यात मुखडा, दोन बोल-ताना, एक तिहाई (तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा) सगळे येते. मुखड्यावर सुरू करा आणि समेवर थांबा. छोट्या वेळेला घाबरायचे कारण नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मिळत, आणि केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. पण ती साडेतीन मिनिटे त्यांनी स्वतः आखली होती; कोणी दुसऱ्याने लांब गाण्यातून कापून काढली नव्हती.

परवान्याचा मुद्दा थोडक्यात: सिनेगीते आणि भावगीते जाहीर कार्यक्रमात गायला इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना लागतो, आणि संगीतकार-गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. हे काम आयोजकांचे, गायकाच्या गळ्यात टाकू नका. साथीदारांचे तालमीचे मानधन कार्यक्रमाच्या मानधनापासून वेगळे लिहा. तालीम फुकट धरली की ती होतच नाही.

शेवटची मागणी मोठी वाटेल, पण तिच्यासाठीच हे पत्र लिहिले. कार्यक्रमाच्या सुरुवातीची पंधरा मिनिटे गायकाला बँडशिवाय द्या. तानपुरा, तबला, पेटी आणि एक सकाळचा राग: ललत, भटियार, अहिर भैरव, जो त्याला वाटेल तो. सभागृहातल्या मैफली बहुतेक संध्याकाळी होतात. सकाळचे राग त्यांच्या वेळेला, त्या गारव्यात, समोर बसून ऐकायची सोय आज फार कमी ठिकाणी उरली आहे, आणि ती तुमच्या हातात आयती आहे. पंधरा मिनिटांत मोजका आलाप, मध्यलयीची एक बंदिश आणि चार ताना नीट बसतात. त्यानंतर ड्रम्स आले, अभंग आला, सिनेमाचे गाणे आले, तरी श्रोत्याच्या कानात तो आवाज आधी रुजलेला असतो आणि त्या गाण्यांतल्या जागा त्याला ओळखू येतात. हीच पंधरा मिनिटे शेवटाला ठेवली तर तोवर साडेआठ वाजलेले असतात, फराळाचे वास सुटलेले असतात आणि लोक चपला शोधत असतात.

तेव्हा यंदाच्या निमंत्रणात तारीख, स्थळ आणि मानधन यांच्याखाली चार ओळी वाढवा: आपली पट्टी कोणती, पहाटेसाठी अर्धा स्वर खाली हवा का, पहिल्या पंधरा मिनिटांत कोणता राग, आणि आदल्या संध्याकाळी सात ते साडेआठ चाचणीला येणे जमेल का. उत्तर आले की त्याची एक प्रत कीबोर्डवाल्याला, एक ड्रमरला आणि एक मिक्सरवाल्याला त्याच दिवशी पाठवा.

आपले,
साथसंगत आणि ध्वनिव्यवस्था करणारे काही कलावंत व तंत्रज्ञ